आईच्या तिकिटाआधी विमा कार्यालयात अर्ज करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगी जर्मनीत बाळंत होणार असे कळले की आपल्याकडे पहिली चौकशी होते आईच्या व्हिसाची आणि दुसरी डिंकाची. मोपा की दाबोळी, विमान कुठून स्वस्त, यावर घर रात्र जागवते. त्या देशातल्या आरोग्य विम्यातून बाळंतिणीला घरकामाला माणूस मिळतो, तोही हक्काने, याचा पत्ता मात्र शेवटपर्यंत ना माहेरी असतो ना सासरी. कळतो तेव्हा मूल दोन महिन्यांचे झालेले असते आणि मुदत निघून गेलेली असते. आज गोव्यातली अनेक घरे युरोपात विखुरली आहेत, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर, कोणी आयटीच्या नोकरीत. त्यांच्यासाठी हे सविस्तर पत्र.

जर्मनीतल्या सरकारमान्य विमा संस्थेला तिथे क्रांकेनकासे म्हणतात. त्यांच्या कायद्यात, सामाजिक संहितेच्या पाचव्या भागात, कलम 24-एच आहे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे बाईला घर चालवता येत नसेल आणि घरात राहणारे दुसरे कोणी ते चालवू शकत नसेल, तर तिला घरमदत मिळते. या मदतीला हाउसहाल्ट्सहिल्फे म्हणतात. स्वयंपाक, केर-लादी, कपडे, बाजारहाट, मोठ्या मुलाला बालवाडीत सोडणे-आणणे हे सगळे तिच्यात येते. बाई नोकरी करत नसेल आणि नवऱ्याच्या विम्यात कुटुंबीय म्हणून फुकट नोंदलेली असेल तरी हक्क तिचाच. आपल्या बहुतेक मुली याच गटात असतात आणि 'माझा कुठे विमा आहे' म्हणून गप्प बसतात.

पहिला घोटाळा अर्जातच होतो. त्याच कायद्यात कलम 38 आहे, तेही घरमदतीचेच, पण आजारपणासाठी. त्यात साधारणपणे घरात बारा वर्षांखालचे मूल असावे लागते आणि दिवसाला पाच ते दहा युरो पदरचे द्यावे लागतात. 24-एच मध्ये आधीच्या मुलाची अट नाही आणि पदरचे काही भरावे लागत नाही. विमा संस्थेचा माणूस सवयीने 38 चा अर्ज पाठवतो; पहिलटकरीण तो भरते, 'मूल नाही' म्हणून नकार येतो आणि विषय संपतो. म्हणून अर्जावर आणि डॉक्टरच्या दाखल्यावर कारण गरोदरपण किंवा बाळंतपण हेच असू द्या, आणि कलम 24-एच असे स्पष्ट लिहा.

दाखला डॉक्टरचा चालतो, हेबामेचाही, म्हणजे सुईणीचा. आपल्याकडची वायजीण जाऊन जमाना झाला, पण तिथली हेबामे ही शिकलेली, परवानाधारक बाई. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत आणखी सोळा भेटी, सगळे विम्यात. मात्र शहरात हेबामे मिळणे कठीण झाले आहे. दिवस गेल्याचे पक्के झाले की त्याच आठवड्यात फोन सुरू करावेत. सातव्या महिन्यात शोधायला निघालेल्यांना बहुधा नन्नाच ऐकावा लागतो.

दाखल्यात काय लिहिले आहे यावर निम्मी लढाई असते. 'बाळंतिणीला विश्रांतीची गरज आहे' एवढ्यावर विमा संस्था हलत नाही. बाळ सांभाळायला माणूस हवा, हेही कारण होत नाही. आईला घरकाम झेपत नाही, हे कारण. म्हणून सिझेरियन, खोल टाके, जास्त रक्तस्राव, ओटीपोटाच्या सांध्याचे दुखणे, स्तनाचा दाह, जे असेल ते नाव घेऊन यावे. मग काय करता येत नाही ते: बाळापेक्षा जड उचलणे, जिने चढणे, ओट्यापाशी उभे राहणे. शेवटी दिवसाला किती तास, आठवड्यातले किती दिवस, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. चार तास की सहा, हे डॉक्टरने लिहिले नाही तर विमा संस्था आपल्या सोयीने कमी लिहिते. मुदत वाढवायची असेल तर पहिली संपायच्या आधी नवा दाखला द्यावा.

घरात दुसरे कोण, हा अर्जातला सगळ्यांत अडचणीचा रकाना. नवरा नोकरीला जात असेल तर त्याच्या कंपनीकडून कामाच्या वेळांचे पत्र घ्यावे. तो बाहेर असतो ते तास मोजले जातात. तो पालकत्व रजेवर असेल तर मात्र तो घर चालवू शकतो असे धरतात आणि त्या काळापुरता हक्क जातो. ही रजा सात आठवडे आधी कळवावी लागते, म्हणजे निर्णय बाळंतपणाच्या आधीच करावा लागतो. उत्साहाच्या भरात पहिला अख्खा महिना रजा टाकणारे बाप यात फसतात. कोणता महिना त्याने घरी राहायचे आणि कोणता महिना मदतनीस यायची, हे कॅलेंडर समोर ठेवून ठरवावे.

आता आई. तिचे येणे लपवू नये, खोटे लिहिणे अंगाशी येते. अर्जात तिच्या येण्या-जाण्याच्या तारखा लिहाव्यात. ती पासष्टीची असेल, गुडघे किंवा रक्तदाब असेल, तर तेही लिहावे. त्यापेक्षा शहाणपणाचे म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे विम्याची मदतनीस आणि मग आई. शेंगेन व्हिसावर तिला 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. ते प्रसूतीच्या तारखेच्या आधीच सुरू झाले आणि बाळ दहा दिवस उशिरा आले, तर तेवढे दिवस खिडकीतून बर्फ बघण्यात जातात. गोव्याचे अर्ज मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतात. किमान 30,000 युरोंचा प्रवास आरोग्य विमा लागतो, आणि जुने आजार अशा बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात, हे आईला पाठवताना ध्यानात ठेवावे.

आईला या मदतीचे तासाप्रमाणे पैसे मिळतील का, असे बरेच जण विचारतात. नाही. दुसऱ्या पिढीअंतरापर्यंतचे रक्ताचे आणि सासरचे नातेवाईक, म्हणजे आई, सासू, आजी, सख्खी बहीण, नणंद, यांना मजुरी देत नाहीत. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेला पगार विमा संस्था देऊ शकते, पण ती रक्कम पगारी मदतनिशीच्या खर्चाच्या मानाने वाजवी असावी लागते. गोव्याहून विमानाने येण्याचा खर्च त्यात बसेल असे गृहीत धरू नये. आधी लेखी मंजुरी, मग तिकीट. मावशी, मावसबहीण, मैत्रीण, शेजारीण या त्या मर्यादेबाहेर पडतात, त्यांनी केलेल्या कामाचे पैसे मिळू शकतात. मात्र ती तिथेच राहणारी आणि काम करायची परवानगी असलेली हवी. पाहुणी म्हणून व्हिसावर आलेल्या मावशीच्या नावाने बिल लावणे म्हणजे तिचा पुढचा व्हिसा घालवणे.

मंजुरी मिळाली तरी माणूस मिळत नाही, हे दुसरे दुखणे. विमा संस्था यादी देते, एजन्सीवाले 'जागा नाही' म्हणतात. दोन-तीन एजन्सींचा हा नकार ईमेलवर घ्यावा आणि विमा संस्थेला पाठवून विचारावे: तुम्हाला माणूस देता येत नसेल तर मी स्वतः नेमलेल्या बाईचा वाजवी खर्च द्याल का? स्वतः नेमलेल्या माणसासाठी संस्थांचे तासाचे दर ठरलेले असतात आणि ते एजन्सीच्या दरापेक्षा कमी असतात. वरचा फरक कोण भरणार ते आधी ठरवून घ्या. अर्जाआधीच बाई नेमून नंतर बिल पाठवले तर ते बहुतेक परत येते.

अर्ज दिल्यापासून तीन आठवड्यांत, वैद्यकीय तपासनिसांचे मत मागवले तर पाच आठवड्यांत, निर्णय द्यायला विमा संस्था बांधील आहे. नियोजित सिझेरियन असेल तर म्हणूनच महिनाभर आधी कागद जावेत. नकार आला तर पत्र हातात पडल्यापासून एक महिन्याच्या आत हरकत घेता येते, तिला विडरश्प्रुख म्हणतात. ती घ्यायला पैसे पडत नाहीत. आधी दोन ओळींची सही केलेली हरकत पाठवून मुदत सांभाळावी आणि कारणे व नवा दाखला मागाहून जोडावा. फोनवर 'नाही' म्हटले तो नकार धरू नये, लेखी मागावा.

खासगी विमा घेतलेल्यांना यातले काही आपोआप मिळत नाही. मोठ्या पगाराचे बरेच आयटीवाले स्वस्त पडतो म्हणून खासगीकडे वळतात. घरमदत त्यांच्या करारात असेल तरच मिळते. लग्न ठरलेल्याने सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

नेदरलँड्समध्ये हीच सोय जास्त सुटसुटीत आहे. क्रामझोर्ख नावाची ही सेवा मूळ विम्यातच असते: किमान 24, जास्तीत जास्त 80 तास. तासाला साधारण पाच-सहा युरो आपण भरायचे. येणारी बाई टाके, ताप, बाळाचे वजन, अंगावर पाजणे बघते आणि हलके घरकामही करते. नोंदणी मात्र चौथ्या महिन्याच्या आत करावी. हॉस्पिटलात गेलेले दिवस तासांतून वजा होतात. आणि एक गंमत: बाळंतिणीचा पलंग 70 ते 80 सेंटिमीटर उंच लागतो, कारण वाकून काम करून त्या बाईची कंबर धरू नये. पायांखाली ठोकळे भाड्याने मिळतात.

इंग्लंडमध्ये अशी घरमदत नाही. सुईण आणि आरोग्य सेविका घरी येतात, पण केर काढायला नाही. स्विंडनमधल्या आपल्या लोकांनी आईच्या व्हिसाचीच तयारी करावी हे बरे. आखातातल्या विम्यातही घरकाम बसत नाही.

विम्यातून आलेली बाई मोलकरीण नव्हे. मंजूर तास संपले की ती निघते, रोजच्या तासांच्या कागदावर सही घेते, आणि अंगाला तेल लावणे, शेक देणे तिच्या कामात नाही. पेज आणि नाचणीची तिझन मात्र ती करील. पाण्याचे प्रमाण लिहून फ्रिजवर चिकटवले की पुरे. आणि घरचे तूप सामानात भरू नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तिथले बिनमिठाचे लोणी कढवले की उत्तम तूप होते. डिंक आणि अळीव तेवढे न्या, लाडू तिथेच वळा.

राज्य सरकारच्या अनिवासी भारतीय आयुक्तांच्या कार्यालयाने ही माहिती मराठी आणि कोकणीत एका पानावर छापून ठेवली तर फार खर्च येणार नाही. दाखल्याचा जर्मन नमुना त्याच पानामागे छापावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा