शेजारच्या खुर्चीतल्या काकांस

आदरणीय काका,

तुमचं नाव मला माहीत नाही, पत्ता तर नाहीच, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. 1978 साली मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव भरला, तिथे अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स वाजवायला आला होता. त्या रात्री भिंतीबाहेर फूटपाथवर एक एकोणीस वर्षांचा मुलगा तबल्याची पिशवी खांद्याला लावून उभा होता. त्याला तुम्ही आत नेलंत. तो मी.

मी काही जॅझ ऐकायला आलो नव्हतो. शिकवणी आटपून गिरगावात घरी चाललो होतो. रंगभवन उघडं, वर नुसतं आभाळ, त्यामुळे आतला आवाज भिंत ओलांडून सरळ रस्त्यावर पडायचा. गणपतीत गिरगावच्या रस्त्यावर बसून रात्र रात्र गाणं ऐकलेल्या माणसाला फुकट ऐकायची लाज नसते, म्हणून थांबलो. आवाज असा होता की कोणीतरी एकटाच चौघांशी भांडतोय आणि चौघांनाही ते आवडतंय.

तुम्ही सिगारेट ओढायला बाहेर आला होतात. माझ्याकडे पाहिलंत, पिशवीकडे पाहिलंत. "तबला?" मी मान हलवली. "मग बाहेर कशाला मोजतोस? आत ये, एक खुर्ची रिकामी आहे." तोपर्यंत माझं मलाच कळलं नव्हतं की माझी बोटं भिंतीवर मोजत होती. दारावर तुम्ही खांद्यावर हात ठेवून "हा माझ्याबरोबर" एवढंच म्हणालात. तुमच्या मराठीत गोव्याकडचा हेल होता.

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा, मी आपला पहिल्या मात्रेवर टाळी देत होतो. तुम्ही माझा हात हवेतच धरलात. "एकवर टाळी लग्नाच्या बँडला. इथे दोनवर आणि चारवर." सम सोडून द्यायची आणि आजूबाजूच्या मात्रांवर टाळ्या वाजवायच्या, हे माझ्या हातांना पटेना. तबल्यातली इतकी वर्षं एका सूचनेने उलटी झाली. दुसऱ्यांदा, मी तुम्हाला विचारलं, "आवर्तन कुठे संपतं?" आजूबाजूच्या दोघांनी वळून बघितलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. चारमिनार सिगारेटच्या पाकिटातला आतला कागद काढलात, खिशातल्या पेन्सिलीने त्यावर चार अक्षरं लिहिलीत: अ अ ब अ.

पुढचं तुम्ही माझ्या बोटांवर शिकवलंत. प्रत्येक अक्षर म्हणजे चालीचा एक तुकडा: करंगळी म्हणजे पहिला अ, अनामिका दुसरा, मधलं बोट ब, तर्जनी पुन्हा अ. प्रत्येक बोटाला आठ बार, प्रत्येक बारला चार मात्रा. मी मनातल्या मनात गुणाकार केला: 128 मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची नेमकी आठ आवर्तनं. काका, त्या हिशोबाने मला जो धीर आला तो सांगता येत नाही. परक्या गावात अचानक आपल्या आळीतलं कोणी भेटावं तसा. हा सगळा साचा वादक पुन्हा पुन्हा फिरवतो, वरची चाल बदलते, खालचा साचा तोच राहतो. अरे, मग हे तर आपलंच आहे, असं मला वाटलं. (तसं ते नव्हतं, पण त्या रात्री ते वाटणं फार कामाचं होतं.)

मधलं बोट आलं की तुम्ही ते हलकेच ओढायचात आणि कानाशी म्हणायचात, "ब्रिज." आज कोणी अंधारात माझं मधलं बोट ओढलं तर नातवंडं काय अर्थ काढतील देव जाणे. तिथे सूर दुसऱ्याच दिशेला वळायचे, आणि नंतर चौथ्या ओळीला परत घरी यायचे. सगळ्याच चाली या साच्यात बसत नाहीत, हे तुम्ही बजावलंत. पण एक साचा हाताला लागला की दुसरा ओळखता येतो.

मग दोन चालींच्या मधे तुम्ही म्हणालात, "हा माणूस ब्रिजवर दोन वर्षं वाजवायचा." मला वाटलं तुम्ही त्या ब बद्दलच बोलताय. दोन वर्षं नुसत्या मधल्या आठ बारांचा रियाज! आमच्या गुरुजींनी तबल्यातला एक कायदा, म्हणजे बोलांची एक ठरीव रचना, सहा महिने घोटून घेतला होता, तेव्हा मला ते अशक्यही वाटलं नाही. मी गंभीरपणे मान डोलावली. खरा ब्रिज न्यूयॉर्कमधला विल्यम्सबर्गचा पूल होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. 1959 साली, ऐन नावाजलेला असताना, रोलिन्सने कार्यक्रम बंद केले. आपलं वाजवणं आपल्यालाच पुरं पडत नाही, असं त्याला वाटत होतं. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून तो पुलावर जाऊन वाजवायचा. खाली नदी, शेजारून आगगाड्या. 1961 मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी आलेल्या रेकॉर्डचं नाव त्याने 'द ब्रिज' असंच ठेवलं. म्हणजे माझ्या गैरसमजातला श्लेष त्याच्याही मनात असणार. पूलही ब्रिज, मधले आठ बारही ब्रिज. अजूनही मधलं बोट आलं की मला नदी दिसते.

त्या रात्री त्याने कुठल्या चाली वाजवल्या हे मला कधीच सांगता आलं नाही, कारण तेव्हा मला एकही ओळखू येत नव्हती. जे आठवतं ते असं: तो एका जागी उभा राहत नव्हता. सॅक्सोफोन वर उचलत, खाली झुकवत फिरायचा, आणि तो वळला की आवाजही वळायचा. एक छोटासा तुकडा घ्यायचा, लहान मुलांच्या गाण्यासारखा साधा, आणि त्याला चिमटे काढत बसायचा. उलटा करायचा, मधेच तोडायचा, वाट बघायला लावायचा, आणि तुम्ही आशा सोडली की अर्धाच परत द्यायचा. मधे एकदा त्याने कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याची ओळ घुसडली. ती कुठली हे कळून अख्ख्या रंगभवनात सगळ्यांत आधी तुम्ही हसलात. बाकीचे दोन मात्रांनंतर. मी कोणाकडे बघून हसायचं ते कळून तुमच्याकडे बघून हसलो.

मग केव्हातरी बँड थांबला आणि तो एकटाच वाजवत राहिला. मी हिशोब चुकलो. तुमच्याकडे बघितलं, तर अंधारात तुमचा हात दोघांच्या खुर्च्यांमधे धरलेला, एकेक बोट मिटत होतं. तुम्ही माझ्यासाठी मोजत होतात. मी पुन्हा वाटेवर आलो तसं तुम्ही मूठ उघडलीत आणि म्हणालात, "आता नको मोजू."

एवढंच. शेवटची गर्दी झाली, तुम्ही पुढे गेलात, मी कागद मुठीत घेऊन मागे राहिलो. धन्यवादही म्हणायचं राहिलं.

त्यानंतर मी रेकॉर्ड मिळवून ऐकल्या, आणि खरं सांगतो, आधी निराश झालो. 1956 ची 'सॅक्सोफोन कोलोसस' सगळे डोक्यावर घेतात, ती आहेही तशीच. पण मी रंगभवनात जो ऐकला होता तो माणूस त्यात नीट कपडे घालून, केस विंचरून बसला होता. पुढे कळलं की ही तक्रार माझी एकट्याची नाही. ज्यांनी ज्यांनी त्याला समोर बसून ऐकलं ते हेच म्हणतात. त्याला स्वतःलाही स्टुडिओत करमत नसे. चाहते एकमेकांना भेटले की लग्नातल्या जेवणावळी आठवाव्यात तशा त्याच्या रात्री आठवतात. कोणी सांगतो तासभर एकच चाल चालली होती, कोणी म्हणतो वीस मिनिटं. दोघंही एकाच मैफलीत होते, आणि दोघंही शपथ घ्यायला तयार.

त्या निराशेवर उतारा मिळाला तो 3 नोव्हेंबर 1957 च्या रेकॉर्डिंगने. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, सोबतीला फक्त बास आणि ड्रम्स, पियानो नाही. पियानो नसला की खालचा साचा कोणी उघड वाजवून दाखवत नाही. ऐकणाऱ्याने तो आपल्या डोक्यात धरायचा. मी करंगळीपासून सुरुवात केली आणि तर्जनीला सुखरूप पोचलो. त्या दिवशी तुम्हाला शोधायचं मी पहिल्यांदा ठरवलं, आणि अर्थात शोधलं नाही. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रमही बंद पडले, त्यामुळे दाराशी उभं राहून चौकशी करायचीही सोय उरली नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक होती का? रंगभवनातल्या मैफलीच्या सुमारे दहा वर्षं आधी रोलिन्स आपल्या पवईला राहून गेला होता, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, अशी त्याची अडचण होती. तेव्हा तू वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे, अशा अर्थाचं त्याला सांगितलं गेलं. हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलंय. हे वाचल्यावर तुमचं "आता नको मोजू" मला फार वेगळं ऐकू यायला लागलं.

तुम्हाला ऐकवायला हवं होतं ते रेकॉर्डिंग मात्र बॉस्टनचं, 15 सप्टेंबर 2001 चं. त्याचं घर वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही गल्ल्यांवर होतं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्याला घर सोडावं लागलं, आणि निघताना त्याच्या हातात सॅक्सोफोन होता. हल्ल्याच्या चार दिवसांनी मैफल होती, ती रद्द करावी असं त्याच्या मनात होतं. बायको, ल्युसिल, म्हणाली जायचंच. एकाहत्तर वर्षांचा माणूस जाऊन वाजवून आला. आणि ते आज आपल्याला ऐकायला मिळतं ते कशामुळे? श्रोत्यांत बसलेल्या एका चाहत्याने गुपचूप रेकॉर्ड केलं म्हणून. 2005 साली तेच रीतसर प्रसिद्ध झालं. मला वाटतं तो चाहता तुमच्याच जातकुळीतला. सगळे ऐकण्यात बुडालेले असताना तो यंत्र नीट चाललंय ना याची काळजी करत बसला असणार.

इथेच मला जे सांगायचंय ते येतं, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

माझा पुतण्या टेनर सॅक्सोफोन शिकायला लागला. दोनेक वर्षांनी एकदा काहीतरी देता-घेताना त्याच्या उजव्या अंगठ्याला माझा हात लागला. नखाच्या खाली, कडेला, घट्टा. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, वाद्याचा हुक या अंगठ्यावर टेकतो काका, वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना होतं. मी खाली बसलो. कारण तो घट्टा माझ्या ओळखीचा होता. रंगभवनात तुम्ही माझी बोटं धरून आठ-आठ बार मोजायला शिकवत होतात, तेव्हा तो माझ्या तळहाताला लागत होता. मला वाटलं होतं, कसल्यातरी हत्यारावर काम करणारा माणूस असेल.

मग सगळंच उलगडलं. धोबी तलावचा भाग, तिथल्या गोवेकरांच्या कुडी (गावकऱ्यांनी मिळून राहायच्या खोल्या), तुमचा तो हेल, आणि दिवसभर सिनेमाच्या गाण्यांसाठी स्टुडिओत वाजवणारे कितीतरी गोव्याचे वादक. ती घुसडलेली ओळ सगळ्यांच्या आधी तुम्हाला का कळली, तेही. तुम्ही स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे होतात. त्या वाद्यावरचा जगातला एक सर्वांत मोठा माणूस तुमच्या शहरात, तुमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आला होता. आणि तुम्ही ती रात्र एका अनोळखी पोराची बोटं मोजण्यात घालवलीत. मूठ उघडलीत ती मला सोडवायला, असं मी समजत होतो. तुमचंही ऐकायचं राहत होतं, काका. तो तुमच्याही सुटकेचा क्षण होता.

त्याबद्दल आभार. आत नेल्याबद्दलही, पण मुख्यतः त्याबद्दल.

2012 नंतर रोलिन्सने मंचावर वाजवलं नाही. त्याला समोर ऐकलेली माणसं आता दर वर्षी कमी होत जाणार. मी भेटेल त्याला माझी आठवण सांगतो. सांगताना ती थोडी फुगते, हे मला कळतं, तरी सांगतो. चारमिनारचा कागद अजून आहे. घड्यांवर फाटलाय, पेन्सिलीचा ब जवळजवळ गेलाय.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही दोन तिकिटं काढली होती. मी ज्या खुर्चीत बसलो ती कोणासाठी होती? मध्यंतरापर्यंत तुम्ही दोन-तीनदा दाराकडे बघितलंत, हे मला आठवतं. तेव्हा मला वाटलं तुम्ही सिगारेटसाठी उठताय. हे पत्र तुमच्यापर्यंत किंवा तुमच्या घरच्यांपर्यंत पोचलं, तर तेवढं कळवा.

तुमचा,
तबल्याच्या पिशवीवाला