मिरी तिखट का लागते?

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, त्या विषयाची पदवीच नाही माझ्याकडे, मग त्यात डोकं घालून काय उपयोग?" तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. नंतर मात्र आंतोनी व्हान लेव्हेनहूक सारखा आठवत राहिला. त्याच्याबद्दल तुला कधी सांगायचं राहूनच गेलं.

१६३२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जन्मलेला हा माणूस. वडील टोपल्या विणायचे. सोळाव्या वर्षी तो कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला, पुढे स्वतःचं दुकान काढलं. कापडाचं सूत पारखायला व्यापारी भिंग वापरायचे, तेवढीच त्याची भिंगाशी ओळख. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही, विद्वानांची लॅटिनही येत नव्हती. भिंगं घासायला तो आपलं आपणच शिकला आणि आयुष्यभरात पाचशेहून अधिक तयार केली. पितळेच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये इवलंसं भिंग, समोर वस्तू टोचायला सुई, मागेपुढे करायला स्क्रू. एवढंच त्याचं यंत्र, हातात मावेल असं. आज शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत चांगलं वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

मला सर्वांत आवडते ती मिरीची गोष्ट. मिरी तिखट का लागते, हे त्याला हवं होतं. तिच्या कणांना बारीक टोकं असतील आणि ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. अंदाज साफ चुकला. पण तपासायला मऊ व्हावी म्हणून त्याने मिरी पाण्यात घालून ठेवली, आणि काही आठवड्यांनी त्या पाण्यात त्याला जीव वळवळताना दिसले. काही तर इतके बारीक, की शंभर ओळीने मांडले तरी वाळूच्या एका जाड कणाची लांबी भरणार नाही. १६७६ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, कळवलं, आपल्या साध्या डच भाषेत. माणसाने जिवाणू पाहिल्याची ही पहिली लेखी नोंद, बाळा, आणि ती एका कापडवाल्याची!

तिथे सहजी विश्वास बसला नाही. तो रागावून गप्प बसला नाही. गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना, त्यांत धर्मोपदेशकही होते, बोलावून भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या सह्यांची पत्रं पाठवली. १६७७ मध्ये सोसायटीतल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने लंडनलाच ते जीव सभासदांना दाखवले. १६८० साली लेव्हेनहूकला सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. तोवर पोटापाण्यासाठी नगराच्या कचेरीतली नोकरी, दारूच्या पिंपांची मोजणी, सगळं चालूच होतं.

एक गोष्ट मला खटकते, ती तुझ्यापासून लपवत नाही. पाहण्याची आपली सर्वांत चांगली रीत त्याने कुणालाच शिकवली नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती ती लागली असती तर किती बरं झालं असतं!

नव्वदीत त्याला छातीखाली विचित्र धडधड होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला ते पटेना. हा थरथराट श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचा, असं त्याचं म्हणणं, आणि ते पडताळायला त्याने मेंढीचं आणि बैलाचं श्वासपटल भिंगाखाली घेतलं. ते सगळं पत्रात कळवलंही. श्वासपटलाच्या अशा थरथरण्याला आज त्याचंच नाव आहे.

१७२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. पाच मुलांपैकी जगलेली एकटी मारिया शेवटपर्यंत त्याच्यापाशी होती. वडिलांच्या इच्छेप्रमाणे तिने एक पेटी लंडनला पाठवली. आत चांदीची सव्वीस सूक्ष्मदर्शकं होती, आणि त्यांच्यासमोर त्याने पाहण्यासाठी लावलेल्या वस्तू तशाच होत्या.

तुझी,
आई