प्रात्यक्षिकं झाली, आता कोटेशन शिकवा

महोदय,

ठाण्यात चित्रकलेच्या प्रात्यक्षिकांना तोटा नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी मासुंदा तलावाचं जलरंगातलं चित्र तासाभरात उभं करतो, टाळ्या पडतात, मंडळी घरी जातात. पण सोसायट्यांच्या भिंती रंगवणाऱ्या, व्यक्तिचित्रं किंवा पुस्तकांची रेखाटनं करून पोट भरणाऱ्या चित्रकाराचं घोडं रंगांपाशी अडत नाही. ते अडतं कोटेशन, करार आणि वसुलीपाशी, आणि ते शिकवणारं कुणी भेटत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीची भिंत घ्या. ‘स्क्वेअर फुटाला किती?’ या प्रश्नाला फोनवरच आकडा सांगितला की काम अर्धं फसलं. 20 बाय 10 म्हणजे 200 चौरस फूट, हा हिशेब कुणीही करेल. परांची कोण बांधणार, पुट्टी-प्रायमर कुणाकडे, आराखडा किती वेळा बदलून द्यायचा, हे लिहिलेलं नसेल तर सगळं चित्रकाराच्या माथी. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस जाऊ द्यावेत. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर किंवा झाडांची कुंडी असेल तर ओल झिरपते, तिच्याबरोबर क्षार वर येतात आणि एका पावसाळ्यात पोपडे सुटतात. महागातलं ॲक्रिलिक इमल्शनही तिथे टिकत नाही, बोल मात्र चित्रकाराला. म्हणून ‘भिंतीतल्या ओलीमुळे होणाऱ्या नुकसानीची हमी नाही’ हे वाक्य कोटेशनमध्येच हवं. पैसे आराखडा मंजूर होताना 40 टक्के, निम्मं काम झाल्यावर 40 आणि शेवटी 20 असे घ्यावेत. शेवटचा हप्ता मोठा ठेवला आणि मध्येच सोसायटीची कमिटी बदलली, की नवे सेक्रेटरी ‘हे काम आम्ही दिलंच नव्हतं’ म्हणायला मोकळे!

कॉपीराइटबद्दल तर चांगल्या जाणत्या चित्रकारांचाही गैरसमज असतो. 1957 च्या कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणी पैसे देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला कॉपीराइट करून घेणाऱ्याचा. म्हणजे तेच चित्र छापून कॅलेंडर काढायचं तर चित्रकारालाच परवानगी मागावी लागेल. ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ एवढी एक ओळ दोघांच्या सहीनिशी असली की प्रश्न मिटतो. हक्क विकायचेच असतील तर मुदत आणि प्रदेश लिहावा. लिहिला नाही तर कलम 19 प्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. प्रकाशक ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापील कलम पुढे सरकवतात, तिथे पेन थांबलं पाहिजे.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कामी येते. ती मोफत होते, पण काम घेण्याआधी झालेली हवी. मग एखाद्या कंपनीने रेखाटनांचे पैसे थकवले तर कायद्याने लेखी ठरलेली मुदतही 45 दिवसांपलीकडे जात नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी हे आणि उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब खात्यातल्या माणसाची बोलण्याची तऱ्हा बदलते.

यासाठी नवं काही बांधायला नको. महापालिकेचं कला भवन कापूरबावडीला उभं आहे. तिथे महिन्यातून एकदा दोन तास एक वकील, एक सीए आणि भिंतींवर वर्षानुवर्षं काम केलेला एक चित्रकार बसवावा. कराराचा मराठी नमुना वाटावा आणि आलेल्यांनी आपापली जुनी कोटेशनं घेऊन यावीत, ती तिथेच दुरुस्त व्हावीत. नवी मुंबई महापालिकेनेही हे करायला हरकत नाही. शहरातल्या एवढ्या भिंती तिने रंगवून घेतल्या आहेत. फक्त वर्ग शनिवार-रविवारी ठेवू नयेत. त्या दिवशी बहुतेक चित्रकार एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवत असतात. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ बरी.

— एक चित्रकार, नौपाडा, ठाणे