घारापुरीची लघवी माडांना मिळू द्या

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

विषय संकोचाचा आहे, पण संकोच करून आता भागणार नाही, म्हणून लिहितो.

माझी धाकटी बहीण घारापुरीला दिलेली. मोराबंदरात तिचं घर. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली, तेव्हा ती फोनवर रडली होती. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. पण विजेची तार समुद्राखालून आली तशी गटाराची वाहिनी येणार नाही. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांचं आणि लेणी पाहायला उतरणाऱ्या सगळ्या पाहुण्यांचं मलमूत्र बेटावरच राहणार.

इथे करी रोडला आम्ही पाव लिटर लघवीवर सहा-सात लिटर पाणी ओततो, कारण तानसा-भातसाचं पाणी नळाला येतं. बहिणीकडे मे महिन्यात हंडे मोजून पाणी वापरतात. तरी बेटांवरसुद्धा मुंबईचाच नमुना नेला जातो : फ्लशची टाकी आणि खाली सेप्टिक टँक. सेप्टिक टँकमध्ये गाळ बसतो, पण लघवीतला नायट्रोजन बहुतेक तसाच पाण्याबरोबर बाहेर पडतो. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. खडकाच्या भेगांतून ते पाणी विहिरीत नाहीतर खाडीत जाणार.

शाळेच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक म्हणून काढल्यामुळे असेल, मला ही लघवी कचरा वाटत नाही. मोठं माणूस दिवसाला लिटर-दीड लिटर लघवी करतं. वर्षाकाठी त्यातून आहाराप्रमाणे अडीच ते चार किलो नायट्रोजन जातो, शिवाय स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश). युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नायट्रोजन जेमतेम 21 किलो असतो. म्हणजे सात-आठ माणसांचं घर वर्षाला गोणीभर युरिया जमिनीत मुरवतं आणि दुसरी गोणी दुकानातून आणतं.

चार वर्षांपूर्वी बहिणीच्या परसात आम्ही सुरुवात केली. वीस लिटरचे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन घेतले. पितळ-तांबं वापरायचं नाही, अमोनिया ते खातो. पुरुषांसाठी आडोसा करून नरसाळं बसवलं, बायकांसाठी पुढचा भाग वेगळा असलेलं भांडं. वास येऊ नये म्हणून कॅनमध्ये गोड्या तेलाचा पातळ थर सोडला. कॅन बंद राहिला की आतला युरिया अमोनियात बदलतो, सामू (pH) नऊच्या आसपास चढतो आणि रोगजंतू त्यातच मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत वीस अंश किंवा अधिक तापमानाला सहा महिने साठवण सांगितली आहे. आपल्या हवेत तापमानाची अडचणच नाही. आणि कोकणाचा पाऊस इथे उपयोगी पडतो : जून ते सप्टेंबर खत टाकलं तरी वाहूनच जातं, तेव्हा ते महिने कॅन झाकून ठेवायचे आणि दिवाळीनंतर भाजीला काढायचे.

एका भागाला पाच ते आठ भाग पाणी, संध्याकाळी, मुळाजवळ चर काढून, पानांवर थेंबही न पडू देता. पहिल्या वर्षी मी घाईने वांग्यांना जास्त पाजलं आणि पानांच्या कडा करपल्या. लघवीत मीठ असतं, ते विसरलो होतो. म्हणून आता मुख्य वाटा माडांना आणि केळींना. माडाच्या मुळात मीठ घालायची रीत कोकणात आहेच. विहिरीजवळ मात्र टाकत नाही, आणि घरात कुणी अँटिबायोटिक घेत असेल तर त्याची लघवी कॅनमध्ये घेत नाही.

स्वीडनमध्ये गॉटलंड नावाचं बेट आहे. उन्हाळ्यात तिथेही पर्यटकांची गर्दी आणि पाण्याची टंचाई असते. 2021 पासून स्वीडनच्या कृषी विद्यापीठातून निघालेल्या एका गटाने पर्यटकांची लघवी गोळा करून सुकवायला आणि तिचं कोरडं खत करायला सुरुवात केली. त्यावर सातू पिकवला. तमिळनाडूत मुसिरीला स्वच्छतागृह वापरणाऱ्यालाच दहा पैसे दिले जात होते. आपल्याला तर एवढ्या लांब पाहायचीही गरज नाही. उरण तालुक्यात मिठागरं आहेत. मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम असतं. ते लघवीत मिसळलं की स्फुरद पांढऱ्या दाण्यांच्या रूपात खाली बसतं. हे मी बाटलीत करून पाहिलं आहे.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते : हे कॅन उचलणार कोण? हे काम पुन्हा एकाच जातीच्या माथी मारलं जाणार असेल तर ही योजना नको. कोकणात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केलं. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला होता. मैल्याचं खत करणारा त्यांचा गोपुरी संडास आजही लोकांना आठवतो. बेटावर उतार आहे. वरच्या टाकीतून नळी थेट खालच्या बागेत सोडली तर कुणाला हातही लावावा लागणार नाही.

आणि बायका. बहीण लेण्यांच्या पायऱ्यांवर काकडी आणि कैरी विकते. जायला सोयीची जागा नाही म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नाही, शेजारी बसणाऱ्याही पीत नाहीत. सोबतीला मूत्राशयाचं दुखणं. मुंबईत बायकांनी मुतारीचा हक्क मागितला, तो या बायकांचाही आहे.

माझी मागणी एवढीच आहे. बेटावर यापुढे स्वच्छतागृह बांधताना धक्क्यावर आणि पायऱ्यांच्या वाटेवर बिनपाण्याच्या मुताऱ्या आणि लघवी वेगळी काढणारी भांडी बसवावीत. बायकांसाठीची आधी. साठवणीच्या टाक्या विहिरींपासून लांब ठेवाव्यात आणि त्यातलं खत ज्याची झाडं त्याला फुकट द्यावं. आराखडा करणाऱ्या कुणीही आधी मोराबंदरात येऊन आमची केळी पाहावीत. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी बहीण घरी असते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
करी रोड, मुंबई