ग्रीन बेल्टवरील हरकतीसाठी मदत करणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या गावालगतच्या ग्रीन बेल्टमधील, म्हणजे शहरांचा फैलाव रोखण्यासाठी मोकळ्या राखलेल्या पट्ट्यातील, शेतजमिनीवर वसाहत बांधण्याचा एका बांधकाम कंपनीचा अर्ज कौन्सिलच्या नियोजन समितीने फेटाळला, ही बातमी तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर कळवली होती. फोनवर आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. इंग्लंडमधील गावांत राहणाऱ्या इतर मराठी कुटुंबांवर असा प्रसंग आला तर तुमचे मार्गदर्शन त्यांनाही उपयोगी पडावे, यासाठी ते उघड लिहीत आहे. तुमचे नाव कोठेही येऊ नये, ही तुमची अट पाळली आहे.

शेताच्या फाटकावर कौन्सिलची सूचना लागली तेव्हा हरकत नोंदवण्यासाठी 21 दिवसांची मुदत होती आणि गावात संताप भरपूर होता. घाईघाईने लिहिल्या गेलेल्या पत्रांत खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, घरांच्या किमती उतरतील, असेच मुद्दे प्रामुख्याने होते. मराठी मंडळातल्या ओळखीवर मी तुम्हाला विनंती केली आणि आयुष्यभर नियोजन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले तुम्ही, गाडीने दोन तासांचे अंतर कापून, आमच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलच्या, सभागृहात आलात. ती सगळी पत्रे तुम्ही शांतपणे वाचलीत. नियोजनाचा निर्णय स्थानिक आराखड्याला धरून घ्यावा लागतो, त्यापासून दूर जायचे तर नियोजनाशी संबंधित सबळ कारण असावे लागते, आणि खाजगी देखावा किंवा मालमत्तेची किंमत ही तशी कारणे मानली जात नाहीत, हे तुम्ही कोणालाही न दुखावता समजावून सांगितलेत. एकच छापील मजकूर घरोघरी सह्या करून पाठवण्याचा बेतही तुम्ही तिथेच थांबवलात.

ग्रीन बेल्ट म्हटले की बांधकाम होऊच शकत नाही, अशी गावातील बहुतेकांची समजूत होती. 1955 च्या सरकारी परिपत्रकाने हे पट्टे देशभर आखण्याची वाट मोकळी केली आणि आज इंग्लंडच्या जमिनीचा सुमारे आठवा भाग त्यांखाली आहे. मोकळेपणा आणि कायमपणा ही या जमिनीची दोन मूळ लक्षणे मानली जातात, आणि तिथे अयोग्य ठरणारे बांधकाम अत्यंत विशेष परिस्थितीवाचून मंजूर होऊ नये, असा नियम आहे. मात्र डिसेंबर 2024 मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ‘ग्रे बेल्ट’ नावाचा नवा वर्ग आला. मोठ्या शहरी वस्तीचा फैलाव रोखणे, शेजारची नगरे एकमेकांत मिसळू न देणे आणि ऐतिहासिक नगरांचा परिसर जपणे, या तीन हेतूंना जी जमीन ठळकपणे उपयोगी पडत नाही ती या वर्गात येऊ शकते, आणि काही अटी पूर्ण झाल्या तर तिथले बांधकाम अयोग्य धरले जात नाही. कंपनीचा सारा भर नेमका यावर होता.

आमचे गाव आणि पलीकडचे गाव एक होऊन जाईल, हा मुद्दा गावकऱ्यांना सर्वांत जिव्हाळ्याचा वाटत होता. तुम्ही धोरणाची प्रत उघडून दाखवलीत की त्या हेतूत उल्लेख नगरांचा आहे, खेड्यांचा नाही. सभागृहात त्या वेळी पसरलेली निराशा मला आजही आठवते. दुसरा कोणी असता तर लोकांचे मन राखण्यासाठी तो मुद्दा तसाच राहू दिला असता. तुम्ही तो दुय्यम ठरवून आम्हाला ग्रे बेल्टच्या अटींकडे वळवलेत. घरांची गरज सिद्ध झालेली असावी ही एक अट, आणि आमच्या कौन्सिलकडे पाच वर्षांच्या घरबांधणीपुरती जमीन निश्चित झालेली नसल्याने ती पूर्ण होत होती. ती नाकारू नका, असे तुम्ही बजावलेत. जागा मात्र अशी हवी की तिथल्या रहिवाशांना प्रत्येक कामासाठी मोटारीवर अवलंबून राहावे लागू नये, आणि आमची खरी बाजू इथे होती.

कंपनीच्या वाहतूक अहवालात गावाला नियमित बससेवा असल्याचे म्हटले होते. थांब्यावर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढून आणा, असे तुम्ही मला सांगितलेत. काचेमागच्या त्या कागदावर सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही बसच्या वेळांशेजारी एक बारीक खूण होती आणि तळाशी तिचा अर्थ दिला होता की ही सेवा फक्त शाळेच्या दिवशी चालते. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, नाताळात आणि शनिवार-रविवारी, अहवालात मोजलेल्या बसपैकी या दोन महत्त्वाच्या बस धावतच नव्हत्या. उरलेल्यांपैकी एकही बस कामावर जाणाऱ्याला वेळेवर पोहोचवणारी नव्हती. रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्याला फूटपाथ नाही आणि दिवे नाहीत, हेही आम्ही फोटोंसह नकाशावर दाखवले. आम्ही रोज जगतो ती गोष्ट पुरावा म्हणून कशी मांडायची, हे त्या एका फोटोने मला शिकवले.

पाण्याच्या बाबतीतही तुमचा आग्रह असाच होता. शेताच्या उताराकडील खोलगट भागात दर हिवाळ्यात पाणी साचते आणि चर भरून ते गल्लीत येते, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ‘सर्वांना ठाऊक आहे’ हे वाक्य तुम्ही प्रत्येक पत्रातून काढायला लावलेत आणि त्या जागी कोणी, कोणत्या तारखेला, कोठे उभे राहून काय पाहिले ते लिहायला सांगितलेत. रोज कुत्रा फिरवायला जाणाऱ्या शेजारीणबाईंच्या फोनमध्ये अनेक हिवाळ्यांचे फोटो निघाले. पुराचा धोका कमी असलेली दुसरी जागा उपलब्ध नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते आणि अर्जात ती तपासणीच नव्हती, हे त्यानंतर तुमच्या नजरेने हेरले. शेतातल्या चंडोलांच्या घरट्यांविषयी आणि जुन्या झुडपी कुंपणाविषयी आम्ही पुष्कळ लिहिले होते, त्यातले मोजकेच तुम्ही ठेवलेत.

या सगळ्याहून अधिक ऋणी मी एका खोडलेल्या वाक्यासाठी आहे. प्रस्तावात परवडणाऱ्या घरांचा मोठा वाटा होता आणि ‘कसले लोक राहायला येतील कोण जाणे’ अशा अर्थाचे वाक्य एका पत्रात होते. ते वाचून तुम्ही पेन खाली ठेवलेत आणि या देशात नवे असताना भाड्याने खोली मिळवणे तुम्हाला किती जड गेले होते, ते दोन वाक्यांत सांगितलेत. ते वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांनी ते स्वतःच खोडले. सरकारने या संसदेच्या कार्यकाळात 15 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि घरे खरोखरच हवी आहेत. आमच्या गावातील तरुणांनाही गावात घर घेणे परवडत नाही. म्हणून कौन्सिलने ठेवायची असते ती आधी वापरलेल्या जमिनींची यादी तुम्ही आमच्यापुढे ठेवलीत, आणि गावाच्या आत वर्षानुवर्षे बंद पडलेल्या गॅरेजच्या जागेवर छोटी घरे व्हावीत, असा पाठिंबा पॅरिश कौन्सिलने आपल्या पत्रात लेखी दिला. हरकतीच्या पत्रात पाठिंबाही असू शकतो, हे मला फार मोलाचे वाटते.

समितीपुढे बोलायला गावाला तीन मिनिटे मिळाली. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. नकाराच्या कारणांत मोटारीवाचून गैरसोयीची जागा आणि पाण्याच्या धोक्याची न झालेली तपासणी, हे दोन्ही मुद्दे नोंदले गेले आहेत.

कंपनीला अपील करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अपील झालेच तर आमची पत्रे अपिलाचा निर्णय करणाऱ्या निरीक्षकांपुढे जातील, हे तुम्ही सांगून ठेवले आहे. फोटो, वेळापत्रके आणि नकाशे यांची फाइल पॅरिश कौन्सिलच्या चिटणिसांकडे नीट लावून ठेवली आहे, आणि येत्या हिवाळ्यात चराचे फोटो कोणी कधी काढायचे याच्या पाळ्याही ठरल्या आहेत. गॅरेजच्या जागेविषयी जमीनमालकाशी पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिची हकिकत तुम्हाला कळवीन. काकूंना माझा नमस्कार सांगावा. आमच्यासाठी घालवलेल्या संध्याकाळींबद्दल त्यांचेही मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
गावातील एक रहिवासी