सुट्टीच्या तारखा दिवाळीपूर्वी का सांगता येऊ नयेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की परदेशी विमानप्रवासाच्या वाढलेल्या भाड्याबद्दल ओरड सुरू होते आणि तिचा सगळा रोख विमान कंपन्यांवर असतो. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु या भुर्दंडाला शाळांचे वेळापत्रकही हातभार लावते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

माझी धाकटी बहीण शारजात राहते. मे महिन्यात मुलांना घेऊन तिच्याकडे जायचे, हे आम्ही दिवाळीतच ठरवले होते आणि तेव्हा चौघांचे भाडे आवाक्यातही होते. मात्र परीक्षा कधी संपणार आणि निकाल कोणत्या दिवशी लागणार, हे मुलांच्या शाळेने एप्रिलपर्यंत सांगितले नाही. तिकिटाची तारीख बदलायची झाल्यास शुल्क भरावे लागते, शिवाय त्या दिवसाच्या भाड्यातील फरकही द्यावा लागतो, या धास्तीने आम्ही थांबलो. तारीख कळली त्या रात्री त्याच तिकिटांना जवळजवळ पावणेदोन पट पैसे पडत होते.

एका विमानातील इकॉनॉमीच्या सगळ्या जागा एकाच दराने विकल्या जात नाहीत. दरांचे टप्पे असतात आणि स्वस्त टप्प्यातील जागा संपल्या की पुढचा, महाग टप्पा सुरू होतो. त्यात कुटुंबाची गोची आणखी निराळी. स्वस्त दराच्या तीनच जागा उरल्या असतील आणि आपण चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चारही जागांना वरचा दर दाखवला जातो. (आधी एकाच प्रवाशाचा दर पाहावा, हे आम्हांला फार उशिरा सुचले.) शिवाय मागणी वाढली म्हणून फेऱ्या हव्या तेवढ्या वाढवता येतात असेही नाही. दुबईचेच पाहा: 2014 पासून द्विपक्षीय करारानुसार दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी सुमारे 65 हजार आसनांचीच मुभा आहे.

डिसेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत भाड्यावर कमाल मर्यादा घातली, तशी ती परदेशी प्रवासालाही घालावी, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही, कारण मर्यादेने भाडे रोखले तरी आसने वाढत नाहीत. सामान्य कुटुंबाला खरा फायदा होतो तो लवकर तिकीट काढण्याचा, आणि नेमकी तीच सोय आपल्याकडे उरत नाही. उन्हाळी सुट्टीचे परिपत्रक बहुधा एप्रिलमध्ये निघते. 2025 साली तर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने वर्ष संपत आले असताना पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालवण्याचे वेळापत्रक दिले आणि आधीच तिकिटे काढून बसलेल्या पालकांची पंचाईत झाली.

शिक्षण विभागाने वार्षिक परीक्षेचा शेवटचा दिवस आणि शाळा पुन्हा उघडण्याचा दिवस, विदर्भासाठी तो वेगळा असेल तर तसा, शैक्षणिक वर्ष सुरू होतानाच किंवा फार तर दिवाळीपूर्वी जाहीर करावा आणि नंतर त्यात बदल करू नये. निकालाच्या दिवशी पालकांनी स्वतः हजर राहण्याचा आग्रहही शाळांनी सोडावा. प्रगतिपुस्तक आजी-आजोबांच्या हाती दिले तरी चालण्यासारखे आहे.

आपला,
एक पालक, ठाणे