रुक्मिणी नाव ठेवा, पण कागदावर नीट चढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मुलींच्या नावांची यादी आली. ‘र’ अक्षराखाली रिया, रुही, रेवा, रितिका सगळ्या आहेत, रुक्मिणी नाही. विदर्भात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुरवणीत हे खटकले, म्हणून हे पत्र.

रुक्म म्हणजे सोने. मूळ धातू रुच्, चकाकणे. सोन्याने मढलेली ती रुक्मिणी. भागवताच्या दशम स्कंधात आपल्या विदर्भाच्या भीष्मक राजाचे पाच मुलगे येतात: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली, आणि या पाचांची एकच बहीण रुक्मिणी. भावंडांची नावे जुळवून ठेवायची हौस आजचीच नाही तर! ५२व्या अध्यायात तिचा कृष्णाला धाडलेला सात श्लोकांचा निरोप आहे. शिशुपालाशी ठरलेले लग्न तिने स्वतः मोडले. तेव्हा ‘नाव फार सोशिक वाटते’ ही हल्लीची तक्रार मला पटत नाही. बालपणी लावलेले लग्न मानायला कोर्टात नकार देणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई (१८६४-१९५५) याच नावाच्या.

मराठीत रुक्मिणीच्या लग्नाची गाणी प्रथम रचली ती महानुभाव कवयित्री महदंबेने, १३व्या शतकात, आपल्याच रिद्धपूरला. एकनाथांनी रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ मध्ये काशीत पूर्ण केले. लग्न जुळावे म्हणून मुलीला त्याचे पारायण करायला सांगतात ते अजूनही. ज्ञानेश्वरांच्या आई रुक्मिणीबाई, तुकोबांची पहिली पत्नी रखमा. तिचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा तर १५९४ पासूनची सांगतात.

एवढे असून वऱ्हाडात पूर्ण ‘रुक्मिणी’ हाक फारशी कोणी मारली नाही. रुखमा, रुखमी, रखमा, म्हातारपणी रुखमाबाई. बोलण्यात ते गोडच लागते. घोटाळा होतो तो कागदावर. आपल्याकडे ‘पाणी’चे ‘पानी’ होते तसे ‘रुक्मिणी’चे ‘रुक्मिनी’ होते. सांगणाऱ्याने तसे सांगितले, लिहिणाऱ्याने तसे लिहिले. इंग्रजीत एकाने ‘के’पुढे ‘एच’ घातला, दुसऱ्याने ‘ए’, आणि संगणकाने ते परत मराठीत आणताना ‘रुख्मिनी’, ‘रुकमिनी’ करून ठेवले. मग राशनकार्डावर रुखमाबाई, आधारवर रुकमिनी, सातबारावर रखमा अशा एकाच बाईच्या तीन बाया होतात आणि पीकविम्याचे किंवा निराधारचे पैसे अडकले की धावाधाव सुरू होते.

ज्यांचे असे झाले आहे त्यांनी आधी एक रूप पक्के ठरवावे आणि मगच आधारला हात लावावा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. घाईत एक संधी वाया घालवलेल्या बऱ्याच जणी आहेत. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा. सातबाराचे मात्र नीट समजून घ्यावे. मूळ फेरफारात, म्हणजे जमीन नावावर चढल्याच्या नोंदीत, नाव बरोबर असेल आणि उताऱ्यावर घेताना चुकले असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनप्रमादाचा अर्ज चालतो. फेरफारातच ‘रखमा’ असेल तर तो अर्ज टिकत नाही. म्हणून अर्जाआधी जुन्या फेरफाराची नक्कल काढून पाहावी.

नव्या बाळाचे काम सोपे आहे, फक्त वेळेत करावे. जन्म जिथे झाला तिथे नोंद होते. पहिले बाळंतपण माहेरी झाले तर सासरच्या ग्रामपंचायतीत दाखला शोधून उपयोग नाही. २१ दिवसांत नोंद फुकट. बारसे व्हायचे असेल तर नावाची जागा रिकामी सोडता येते. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा चढलेले नाव बदलणे जड जाते. लेखनाची चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली सुधारतात, तीही मूळ नोंद न खोडता समासात लिहून. तेव्हा नाव तोंडी सांगू नये. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत चिठ्ठीवर लिहून द्यावे, ‘क’ला ‘म’ जोडलेला आणि शेवटी ‘णी’, आणि दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, सगळीकडे हाच दाखला पायाचा आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव येते. म्हणजे आईचे नाव ‘रुखमा’ की ‘रुक्मिणी’ हेही आता लेकराच्या दाखल्यावर उतरणार.

जोशीबुवांनी पत्रिकेत स्वाती नक्षत्राचा पहिला चरण, ‘रु’, काढून दिला की लोक ऋतुजा लिहून मोकळे होतात. ते ‘ऋ’ आहे. रुक्मिणी मात्र त्यात चपखल बसते. फार लांब वाटत असेल तर घरी रुक्मी म्हणू नये एवढेच, तो तिचा भाऊ! ‘वैदर्भी’ हे नाव अलीकडे इकडे आवडीने ठेवतात, तेही चांगलेच. पण वैदर्भी म्हणजे विदर्भाची राजकन्या; दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा याही वैदर्भीच.

पुढची यादी छापाल तेव्हा रुक्मिणी तीत घ्यावे, आणि प्रत्येक नावासमोर त्याचे इंग्रजी स्पेलिंगही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. तिवसा, जि. अमरावती